तीन हजार दांड्यांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक चौकट टांगलेली असते. अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. शिक्षकदिनाला ते वाचून दाखवतात, निरोप समारंभात त्यातल्या ओळी फळ्यावर सुंदर अक्षरात उतरतात, आणि मराठीत ते इतकं सुरेख आलंय की वाचताना आवाज कापतो. अडचण एकच आहे. ते लिंकनने लिहिलेलं नाही.

लिंकनच्या हातचा सापडेल तो कागद जमवून १९५३ साली आठ जाडजूड खंड छापले गेले. त्यांत दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा आहेत. हे पत्र नाही. घरची परिस्थिती पाहिली तरी ते बसत नाही. लिंकनला चार मुलगे. थोरला रॉबर्ट १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत आपटला, मग एक्सेटरच्या शाळेत वर्षभर तयारीला गेला. दुसरा एडी चार वर्षांचाही न होता गेला. धाकटे विली आणि टॅड यांना व्हाइट हाउसमध्ये घरीच शिकवायला माणूस यायचा. टॅड तर बापाच्या मृत्यूच्या वेळी बारा वर्षांचा होता आणि तेव्हाही त्याला धड वाचता येत नव्हतं. बाप त्याच्यामागे लागला नव्हता. मग हेडमास्तर कुठले?

लिंकनचा खरा उपदेश कसा असायचा याचा नमुना आहे. सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टनने ८० डॉलर उसने मागितले. लिंकनने नकार दिला आणि वर हिशेब मांडला: तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस. आता कामाला लाग. मेच्या एक तारखेपर्यंत तू जो डॉलर कमावशील, त्या प्रत्येकावर मी पदरचा एक डॉलर घालीन. चौकटीतल्या पत्रासारखी फुलं-पाखरं नाहीत, निळं आभाळ नाही. एकास एक, आणि मुदतीची तारीख.

म्हणून मुलांना लिंकन सांगायचा तर भिंतीवरच्या चौकटीपासून सुरुवात करू नये. कुऱ्हाडीपासून करावी. आणि एकेरीतच सांगावा. ‘ते जन्मले’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुतळा उभा राहतो, आणि पुतळ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

तर, एब, म्हणजे छोटा अब्राहम. जन्म १२ फेब्रुवारी १८०९, केंटकीतल्या हॉजनव्हिलजवळ, ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात. त्याच दिवशी समुद्रापलीकडे चार्ल्स डार्विनही जन्मला, हे सांगितलं की मुलं जागी होतात. लिंकनच्या जन्मस्थळी आज मोठं दगडी स्मारक आहे. त्याला ५६ पायऱ्या, त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाची एक, आणि आत जपून ठेवलेली खोपटी. ती खोपटीही खरी नाही. लाकडातली वाढीची वर्तुळं मोजली तेव्हा त्यातलं जुन्यातलं जुनं लाकूड १८४८ च्या सुमाराचं निघालं, म्हणजे लिंकन चाळिशीला टेकला होता तेव्हाचं. शिवाय दगडी सभागृहात माणसांना भोवती फिरता यावं म्हणून ती कापून लहानही केलेली आहे. पायऱ्या चढताना मुलांना हे सांगितलं तर त्यांचा विरस होतो असं मोठ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांना भारी वाटतं: झाड खोटं बोलत नाही.

१८१६ च्या डिसेंबरात, एब सात वर्षांचा असताना, कुटुंब इंडियानात गेलं. पहिला निवारा तीन बाजूंनी बंद आणि चौथीकडे सतत पेटती शेकोटी, असा. आठव्या वर्षी हातात कुऱ्हाड आली आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ती जवळपास सुटलीच नाही, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय.

१८१८ च्या ऑक्टोबरात आई गेली. नॅन्सी. कशाने, हे सांगताना ‘आजारी पडली’ एवढ्यावर सोडू नये, कारण कारण माहीत आहे. जंगलाच्या सावलीत पांढऱ्या बारीक फुलांचं एक झुडूप वाढतं. उन्हाळ्याच्या अखेरीस गवत वाळलं की गाई चरत चरत झाडीत शिरतात आणि ते खातात. त्यातलं विष दुधात उतरतं. गाय थरथरायला लागते, पण दुभती गाय पुष्कळदा वरून धडधाकटच दिसते, कारण विष दुधावाटे बाहेर जात असतं. ते दूध, ते लोणी घरातली माणसं खातात. अशक्तपणा, उलट्या, श्वासाला विचित्र वास, मग शुद्ध जाते. वस्तीवरची माणसं त्याला दुधाचा आजार म्हणायची. दूध वाईट, एवढं कळायचं. कुठल्या झाडाने, ते शास्त्राने पक्कं करायला लिंकन गेल्यावर साठेक वर्षं लागली. नऊ वर्षांच्या पोराला यातलं काहीच कळायचा मार्ग नव्हता. वर्षभराने सावत्र आई आली, सारा. सोबत तिची तीन मुलं. तिने या पोराला वाचू दिलं. गोष्टीत सावत्र आई म्हटली की मुलं सावध होतात. इथे व्हायची गरज नाही.

शाळा? सगळे दिवस एकत्र केले तर वर्षही भरत नाही. त्या शाळांत सगळी मुलं एकाच वेळी मोठमोठ्याने घोकायची आणि मास्तर आवाजावरून ओळखायचा कोण थांबलं ते. आपल्या जुन्या पंतोजींना हा देखावा अजिबात परका वाटला नसता. आपल्याला किती येतं ते लिंकनने एका ओळीत सांगून ठेवलं: वाचन, लेखन, आणि गणित त्रैराशिकापर्यंत. त्याच्या गणिताच्या वहीची काही पानं आजही शिल्लक आहेत. तीन संख्या माहीत असताना चौथी काढायची, इतकंच ते त्रैराशिक. त्याच त्रैराशिकावर पुढे त्याचीच एक गोष्ट तपासता येते.

ती गोष्ट कुंपणाची. १८३० साली कुटुंब इलिनॉयमध्ये, डिकेटर गावाजवळ आलं. एब एकवीस वर्षांचा. त्याने आणि नातेवाईक जॉन हँक्सने लाकडं फोडून दहा एकर जमिनीला कुंपण घातलं. पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याचं नाव पडलं ‘दांडे फोडणारा’, आणि चित्रांत तो कुऱ्हाड उगारून उभा असतो. चित्रकारांनी हे काम कधी केलेलं नसावं. कुऱ्हाडीने झाड पडतं. दांडा कुऱ्हाडीने फुटत नाही, पाचरीने फुटतो.

आधी झाड निवडायचं: ओक, अक्रोड, सरळसोट वाढलेलं, खाली फांद्या नसलेलं. सालीवरच्या चिरा खोडाभोवती वळत वर गेल्या असतील तर ते झाड सोडून द्यायचं, कारण आतले तंतूही तसेच पिळलेले असतात आणि दांडा पंख्याच्या पात्यासारखा निघतो. खोडाचे दहा-अकरा फुटांचे ओंडके करायचे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर, बरोबर गाभ्यातून जाईल अशी, कुऱ्हाडीने एक खूण पाडायची आणि त्या खुणेवर दोन लोखंडी पाचरी ठोकायच्या. ठोकायच्या लाकडी मोगरीने. लोखंडी घण चालत नाही असं नाही, पण पाचरीचं डोकं छत्रीसारखं पसरतं आणि तिच्या कडा तुटून उडतात. चीर ओंडक्याच्या अंगावर पुढे धावली की तिच्यात पुढची पाचर घालायची. मागची आपोआप सैल होते, ती काढून आणखी पुढे. चीर रुंदावली की लोखंडी पाचर तिच्यात नुसती बुडते, तिथे लाकडाच्या जाड पाचरी लागतात. अर्धं, मग पाव, मग आठवा हिस्सा.

चुका ठरलेल्या. गाठ मध्ये आली की चीर तिथे अडते किंवा तिला वळसा घालते, आणि पाचर अशी रुतून बसते की ती काढायला दुसरी पाचर लागते. घाईने एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त लाकूड ठेवून फोडलं तर चीर सरळ न जाता बारीक बाजूकडे सरकते आणि अर्ध्या वाटेत बाहेर पडते. हातात दांड्याऐवजी टोकदार चिपाट. म्हणून नेहमी निम्मं करायचं, कधी कड काढायची नाही. आणि कुऱ्हाडच पाचर म्हणून ठोकायची नाही. तिचं भोक फाटतं, मग सगळं काम बंद.

हे दांडे नागमोडी रचायचे. एकावर एक, टोकं एकमेकांवर चढवलेली, प्रत्येक कप्पा आधीच्याशी कोनात. खांब नको, खड्डे नकोत, खिळे नकोत. खिळ्याला पैसे पडतात आणि खांब जमिनीत कुजतो. हे कुंपण आपल्या वळणाच्या जोरावर उभं राहतं. तोटा असा की लाकूड बेसुमार लागतं, जमिनीचा रुंद पट्टा कुंपणच खातं आणि कोपऱ्याकोपऱ्यात तण माजतं. सगळ्यात खालचा दांडा मातीला टेकू नये म्हणून कोपऱ्यात दगड ठेवावा लागतो.

आता त्रैराशिक. दहा एकर म्हणजे चारशे गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. जमीन चौकोनी धरली तर प्रत्येक बाजूला वीस गुंठे, म्हणजे ६६० फूट. चारही बाजू मिळून २,६४० फूट, बरोबर अर्धा मैल. दांडा दहा-अकरा फुटांचा असला तरी नागमोडीत आणि टोकांच्या चढवणीत लांबी जाते. एक कप्पा सरळ रेषेत साधारण आठ फूट पुढे सरकतो. २,६४० भागिले ८, म्हणजे ३३० कप्पे. गुरं आत येऊ नयेत एवढ्या उंचीला एकावर एक नऊ दांडे लावले तर ३३० गुणिले ९, म्हणजे २,९७०.

मे १८६० मध्ये डिकेटरच्या पक्षसभेत जॉन हँक्स दोन जुनाट दांडे खांद्यावर घेऊन आत शिरला. त्यांना बांधलेल्या फलकावर लिहिलं होतं की १८३० साली केलेल्या ३,००० दांड्यांपैकी हे दोन. फलकात चुका होत्या. जॉन हँक्सचं नावच थॉमस हँक्स छापलं होतं. पण आकडा बसतो. यावरून हेच ते दांडे असं सिद्ध होत नाही, आणि लिंकननेही तिथे शपथ घेतली नाही. असे किंवा याहून चांगले पुष्कळ फोडलेत, एवढंच म्हणाला. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावं. उत्तर २,९७० आलं की वर्गात जो आवाज होतो, तो व्हरांड्यातल्या चौकटीने आजवर कधी झालेला नाही.

आणि गुंठा मध्ये आला तो उगीच नाही. न्यू सेलम गावात लिंकनचं भागीतलं दुकान बुडालं, भागीदार मेला, आणि अकराशे डॉलरच्या आसपासचं कर्ज एकट्याच्या डोक्यावर राहिलं. त्याला तो थट्टेने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा आणि वर्षानुवर्षं फेडत राहिला. पोटासाठी १८३३ मध्ये तो पोस्टमास्तर झाला आणि त्याच वर्षी मोजणीदारही. पुस्तकं आणून भूमिती शिकला, होकायंत्र आणि साखळी घेतली. ती साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. तीच इंग्रजांनी आपल्याकडे आणली. अर्धी साखळी बाय अर्धी साखळी म्हणजे एक गुंठा. पूर्ण साखळी म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी, बावीस यार्ड. सातबाऱ्यावरचा गुंठा, मैदानावरची खेळपट्टी आणि इलिनॉयच्या गवतातला लिंकन, तिघंही एकाच साखळीला बांधलेले आहेत.

साखळीतही गोची असते. उतारावर ती जमिनीला टेकवून मोजली तर अंतर जास्त भरतं, म्हणून ती आडवी ताणून टोकाला ओळंबा सोडायचा. कडी वापरून झिजली की साखळी लांबते आणि शेत कागदावर आकसतं. होकायंत्राजवळ कुऱ्हाड ठेवली की सुई भरकटते. लिंकनची मोजणी अचूक म्हणून तंटे त्याच्याकडे यायचे. कर्जापायी त्याचा घोडा आणि मोजणीची हत्यारं लिलावात गेली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकऱ्याने ती विकत घेतली आणि त्याला परत नेऊन दिली. पोस्टमास्तर असताना लोकांची पत्रं तो टोपीत घालून पोचवायचा. पुढे वकील झाल्यावरही उंच टोपी हेच त्याचं दप्तर राहिलं. सहा फूट चार इंच माणूस, वर हातभर टोपी, आणि टोपीत कागद.

मधलं राजकारण लहान मुलांना भरभर सांगितलं तरी चालतं. १८३२ मध्ये हरला, १८३४ पासून चार वेळा राज्याच्या विधिमंडळात, १८४७ ते ४९ काँग्रेसमध्ये, १८५८ मध्ये सिनेटची जागा गेली, ६ नोव्हेंबर १८६० रोजी अध्यक्ष. मतं चाळीस टक्क्यांहूनही कमी, कारण उमेदवार चार. ‘सतत हरणारा लिंकन’ अशी जी यादी फिरते, तिच्यात यातले बरेच विजय सोयीने गाळलेले असतात.

निवडणुकीआधी तीन आठवडे, १५ ऑक्टोबरला, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डहून ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला पत्र लिहिलं. मुद्दा सरळ: तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा. मला चार भाऊ आहेत; काही तुम्हाला मत देणारच, दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही मी वळवीन. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागतील. बायकांना स्वतःला मत नव्हतं, हे अकरा वर्षांच्या मुलीने बरोबर हिशेबात धरलं होतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मला मुलगी नाही याची खंत आहे. तीन मुलगे आहेत, सतरा, नऊ आणि सात वर्षांचे. आणि कधीच ठेवली नसलेली दाढी आता ठेवली तर लोकांना ते ढोंग वाटणार नाही का? ‘ढोंगा’साठी जो इंग्रजी शब्द हवा होता तो त्याने चुकवला, त्याऐवजी ‘जिव्हाळा’ या अर्थाचा लिहून गेला. शुद्धलेखनात मार खाणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं. फेब्रुवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जाताना गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा दाढीवाल्या लिंकनने गर्दीत ग्रेसला हाक मारली. चौकटीच घालायच्या तर या दोन पत्रांना घालाव्यात.

युद्धाचा, म्हणजे गुलामी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उरलेला संघ यांच्यातल्या यादवीचा, भाग सोपा करताना खोटा होतो. ‘लिंकनने गुलामांना मुक्त केलं’ या वाक्यात निम्मंच आहे. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांना लागू होता. संघात राहिलेल्या केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअरला नव्हता. तो युद्धातला हुकूम होता, आणि युद्ध संपल्यावर त्याचं काय, हा प्रश्न उरत होता. म्हणून घटनेत तेरावी दुरुस्ती हवी होती. ३१ जानेवारी १८६५ ला ती प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, पक्की झाली डिसेंबरात, लिंकन गेल्यावर. गुलामीत त्या वेळी चाळीस लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांतली कितीतरी जाहीरनाम्याची वाट न पाहता पळून सैन्याच्या छावण्यांत पोचली होती, आणि पावणेदोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय सैनिक त्या युद्धात लढले. मुक्ती वरून टपकलेली नाही. आणि ज्या मुलांना ‘तो नेहमी बरोबरच वागला का?’ असा प्रश्न पडतो, त्यांना १८५८ च्या सिनेटच्या प्रचारातले जाहीर वादविवाद सांगावेत: गोऱ्या-काळ्यांची सामाजिक समानता मला आणायची नाही, असं तो तेव्हा जाहीर सभेत बोलला होता. माणूस नंतर पुष्कळ पुढे सरकला. पण सरकला हे कळायला आधी कुठे उभा होता ते दाखवावं लागतं.

ते युद्ध आपल्या अंगणातही येऊन गेलं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकेचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना पोचेना, आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या पैशावर कंपन्यांचं पेव फुटलं, समुद्र हटवून जमीन करायचे बेत निघाले. १८६५ च्या वसंतात दक्षिणेने शस्त्रं ठेवली, भाव कोसळले, मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामी मोडण्यासाठी त्यांनी सोसलं म्हणून. अर्पण एका नेत्याला नाही, लोकांना. जोतीरावांची नजर इथे चित्रकारांपेक्षा नेमकी आहे.

गेटिसबर्गचं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य तिथलंच. जेमतेम २७२ शब्द; त्याच्या आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. गाडीत पाकिटाच्या पाठीवर खरडलं ही दंतकथा. जुन्यात जुन्या हस्तलिखिताचं पहिलं पान अध्यक्षांच्या निवासाच्या छापील कागदावर, शाईने, स्वच्छ अक्षरात आहे.

शेवट लपवू नये, रंगवूही नये. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने मागून गोळी झाडली. लिंकनला समोरच्या घरात नेलं. पलंग आखूड पडला, म्हणून त्याला तिरपं निजवावं लागलं. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी तो गेला.

त्या रात्री त्याच्या खिशांत जे होतं ते घरच्यांनी जपलं, नातीने पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिलं, आणि १९७६ साली ती पेटी उघडून लोकांना दाखवली गेली. एक खिशातला चाकू. हातरुमाल. चष्म्याची काच पुसायचं साधन. तपकिरी चामड्याचं पाकीट, त्यात अमेरिकेचा एकही डॉलर नाही, फक्त हरलेल्या दक्षिणेची पाच डॉलरची नोट. वर्तमानपत्रांतली नऊ कात्रणं, त्यांतली बरीचशी त्याचं कौतुक करणारी. आणि दोन चष्मे. एकाची काडी निखळलेली आहे, आणि ती दोऱ्याने बांधलेली आहे.